जात्यावरचे ग्रहण

अभिमान या दोषाशी माझे भांडण जुने आहे. पन्नाशी उलटल्यापासून आपलीच झडती घेण्याची मला सवय लागली आहे. कोणाशी तुटकपणे बोललो, कोठे दुसऱ्याचे श्रेय नकळत आपल्या पदरात पडू दिले, हे तपासून पाहिल्याशिवाय मन स्वस्थ होत नाही. या झडतीत माझे बहुतेक अभिमान टिकले नाहीत. काही पोकळ निघाले, काही उसने. एक मात्र इतक्या वर्षांत हलला नाही, आणि त्याबद्दल क्षमा मागावी असेही कधी वाटले नाही. तो एका जात्याचा, एका वाळक्या भोपळ्याचा आणि एका कवठाचा अभिमान आहे.

निजामी अमलातली गोष्ट. मी नुकताच मास्तर झालो होतो आणि नेकनूरच्या रस्त्यापासून थोडे आत असलेल्या एका खेड्यात माझी नेमणूक झाली होती. चावडीला लागून असलेली लांबट पडवी, तिला दोन खिडक्या आणि एक दार. हीच शाळा, आणि मी एकटाच शिक्षक. वर्ग चौथीपर्यंत. पाचवीसाठी बीडला जावे लागे. बीडला ज्याचा मामा किंवा मावशी असेल तोच पोरगा पुढे शिके. बाकीचे चौथीची परीक्षा देऊन दुसऱ्या दिवशी औतामागे उभे राहत. गावाने पाचवीची मागणी केली होती. जिल्ह्याच्या शाळा पाहणारे अधिकारी, ज्यांना सगळे मोहतमीम साहेब म्हणत, ते एकदा येऊन गेले आणि त्यांनी मुलांकडून धडे वाचून घेतले. मुले चुकली नाहीत. तरी साहेब खूश झाले नाहीत.

"मास्टर साहब," ते जाताना म्हणाले, "किताब तो तोता भी पढ लेता है. लडके अपने हाथ से कुछ बनाएँ, समझाएँ. साइंस की नुमाइश कीजिए. फिर पाचवीं की बात करेंगे."

साहेबांची दमणी, ती छपराची हलकी बैलगाडी, धुरळ्यात दिसेनाशी झाली आणि मी पडवीत एकटा बसून राहिलो. शाळेत विज्ञानाचे म्हणावे असे एकही उपकरण नव्हते. पृथ्वीचा गोलसुद्धा नव्हता. एक फळा होता, त्याचाही एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना सारे खरे सांगितले. पाचवी हवी असेल तर आपल्याला काहीतरी करून दाखवावे लागेल. आणि विकत आणण्यासारखे आपल्याजवळ काही नाही, तेव्हा घरात आणि शेतात जे असेल त्यातूनच करावे लागेल. चौथीत एक मुलगा होता. रंगाने काळासावळा, डोळे मोठे, प्रश्न विचारताना मान एका बाजूला कलती करण्याची त्याला सवय होती. त्याच्या वडिलांनी मला आधीच बजावले होते, "मास्तर, पोरगं हुशार हाय, मला कळतंय. पण बीडात आमचं कुणी न्हाई. इथं पाचवी झाली तर शिकू द्यावं म्हणतो, न्हाई तर पुढल्या पाडव्याला त्येच्या हातात कासरा देणार." ते रागाने बोलले नव्हते.

मुलांच्या हातांत किती कला आहे हे मला तोवर ठाऊक नव्हते. ज्वारीच्या ताटांची साल आणि आतला भेंड यांपासून गाड्या करण्यात ती पोरे लहानपणापासून तयार झालेली. दोन दिवसांत चिपाडांची विहीर उभी राहिली. तिच्यावर चाक, आणि फाटक्या वहाणेच्या कातड्याची एवढीशी मोट. ओढली की पाणी खरेच वर येई. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. तो वाकवून एका भांड्यातले पाणी काठावरून चढवून दुसऱ्या भांड्यात उतरवण्याची युक्ती मी त्यांना दाखवली, तेव्हा पहिल्यांदा ते पाणी माझ्याच सदऱ्यावर उतरले. एका पोराने पत्र्याच्या डब्याला बारीक भोक पाडून मागे तेलकट कागद लावला. त्यात चावडीसमोरून जाणारी गाडी उलटी दिसे, बैल वर पाय करून चालत. गावातली माणसे रांग लावून ते पाहू लागली. एक म्हातारा डब्यात पाहून मारुतीच्या देवळाकडे तोंड करून नमस्कार करून गेला. "देवबी उलटा दिसतोय, मास्तर. माझ्या माथी पाप नको."

या वस्तू चांगल्या होत्या. पण साहेबांनी नुसते करायला नव्हे, समजावायलाही सांगितले होते. ग्रहण दाखवावे असे मला वाटत होते. पुस्तकात त्याचे चित्र होते आणि ते चित्र मुलांना कधीच नीट समजले नव्हते. मलाही, खरे सांगायचे तर, ते कागदावरच समजले होते.

पृथ्वीसाठी वाळका भोपळा मिळाला. गावातली पोरे तो पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकत. त्यावर मुलांनी निळीने समुद्र आणि कावेने जमीन काढली, आणि आपल्या गावाच्या जागी कुंकवाचा ठिपका लावला. तो ठिपका अख्ख्या मुलखापेक्षा मोठा झाला, पण पुसायला कोणी तयार होईना. चंद्रासाठी आधी लिंबू घेतले. ते फार लहान दिसले. मग कवठ आले आणि चुन्याने पांढरे झाले. सूर्य म्हणून पडवीच्या टोकाला कंदील, त्यापुढे भोक पाडलेला पत्रा. अडचण एकच होती: चंद्र फिरवायचा कसा? दोरीला टांगला तर तो झोके घेई. हातात धरला तर धरणाऱ्याच्या हाताचीच सावली पडे. आठवडाभर आमचा चंद्र कधी सरळ गेला नाही.

मग एका सकाळी तो कलत्या मानेचा मुलगा शाळा भरण्याआधीच धापा टाकीत आला.

"मास्तर, जातं!"

"जात्याचं काय?"

"आजी दळत होती. मी बघत बसलो. मधली मेख जागची हलत न्हाई आन् खुंटा तिच्याभवती फिरतो. मेखीवर काठी उभी करून भोपळा ठिवू. खुंट्याच्या जागी दुसरी काठी, तिच्यावर कवठ. ढकललं की चांद फिरलाच पायजे!"

जाते मीही जन्मापासून पाहत आलो होतो.

जाते त्याच्या आजीचे होते. ती लहान चणीची, ताठ कण्याची, स्पष्ट बोलणारी बाई. आम्ही दोघे तिच्याकडे गेलो तेव्हा ती पाखडत बसली होती. सगळे ऐकून घेऊन तिने सूप खाली ठेवले.

"कावून पायजे म्हनला जातं? चांद फिरवायला?"

"हो, आजी. दोन दिवसांपुरतं."

"द्यायला माझं काय जातंय. पण ऐकून ठिवा मास्तर, जातं रिकामं फिरवत न्हाईत. घरावर येतंय ते. फिरवायचं तर दाणं घालून फिरवायचं."

"पण आजी, दळायचं नाही, नुसतं फिरवायचं आहे."

"तुमी फिरवा चांद. दाणं मी घालीन. जातं आलं तिथं मीबी येणार. परक्याच्या हाती दिलं तर टाकी लावलेला दगड बिघडतोय."

तिचा मुलगा, म्हणजे त्या पोराचे वडील, उंबऱ्यात उभे होते. ते हसून म्हणाले, "बघा मास्तर, आता चांदाचंबी पीठ पडणार."

दोघा गड्यांनी वाशाला बांधून जाते पडवीत आणले. आजी मागून सूप घेऊन आली, जात्याला हळदकुंकू लावले आणि बाजूला बसून आमचे काम पाहू लागली. भोपळा मेखीवर नीट बसला. कवठाची काठी मात्र खुंट्याच्या भोकात सैल पडे. जाते फिरू लागले की काठी कले आणि कवठ कधी भोपळ्याच्या सावलीच्या वरून जाई, कधी खालून. सावलीत ते येईच ना. पोरे वैतागली. "ह्याला काय झालंय बे? मुद्दाम चुकवतोय!" शेवटी, आजी जात्यात दाणे घालून दिवेलागणीला घरी गेल्यावर, काठीला चिंधी गुंडाळून ती भोकात ठोकून बसवली, तेव्हा चंद्र सरळ मार्गाला लागला आणि सावलीत बरोबर शिरला. त्या चिंधीवर आम्ही फार खूश होतो. आमच्या यंत्रातला दोष तिने झाकला, असे मला वाटत होते.

नुमाइशीचा, म्हणजे प्रदर्शनाचा, दिवस उजाडला. माघातली थंडी संपत आली होती. साहेब दुपारी आले. काळी शेरवानी, डोक्यावर लाल गोंडेदार टोपी, सोबत चपरासी. गाव सगळे चावडीसमोर जमले होते, बायका एका बाजूला, पोरे झाडावर. साहेबांनी मोट ओढून पाहिली. पपईच्या देठातून चढणारे पाणी त्यांनी दोनदा थांबवून पुन्हा सुरू करायला लावले. डब्यात पाहताना त्यांना आपला चपरासीच उलटा उभा दिसला, आणि ते पहिल्यांदा हसले. "अरे, ये तो आज सीधा नजर आ रहा है!" चपराशीही हसला, पण जरा जपून.

पडवीच्या खिडक्यांवर काळ्या घोंगड्या सोडल्या. आत अंधार झाला, फक्त पत्र्याच्या भोकातून कंदिलाचा झोत भोपळ्यावर. जात्यापाशी आजी सूप घेऊन बसलेली, आणि तिचा नातू चंद्राच्या काठीला हात लावून उभा. साहेबांना खुर्ची दिली होती. मी कोपऱ्यात उभा होतो.

मुलाने काठी ढकलली. आजीने जात्याच्या तोंडात ज्वारीची मूठ टाकली. घरघर सुरू झाली आणि पांढरे कवठ उजेडातून सावकाश फिरू लागले. मुलगा सांगत होता: ही आवस, ही बीज, ही अष्टमी. मग कवठ भोपळ्याच्या पाठीमागे आले, त्याची एक कड काळवंडली, अर्धे बुडाले, आणि क्षणात सगळेच दिसेनासे झाले.

"अगं बया, गिरान लागलं!" आजी ओरडली, आणि तिचा हात धपकन जात्यावर पडला. घरघर थांबली. जाते थांबले. चंद्र काळोखात अडकून राहिला.

"आय, हात काढ," तिचा मुलगा दारातून घाईने म्हणाला. "साहेब बसल्यात."

"साहेब असतील त्यांच्या जागी. गिरनात दळत न्हाईत."

"आगं हे खोटं गिरान हाय!"

"दाणं तर खरं हायत न्हवं? दळण ते दळण."

मागे बायकांत कुजबुज झाली. गर्भार असलेली एक सून उठून बाहेर गेली. साहेबांनी चपराशाला विचारले, "क्या हुआ? रुक क्यों गया?" त्याने वाकून हळूच काही सांगितले. मला वाटले, झाले, पाचवी गेली. साहेब आता परत जाऊन लिहितील की या गावाच्या शाळेत अजून राहू-केतू दळण थांबवतात. माझा हात उठला होता. आजीचे मनगट बाजूला करावे आणि काठी स्वतःच पुढे ढकलावी, एवढेच करायचे होते. मी ते केले नाही. तो संयम होता की भीती, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे, आणि दोन्ही असावे या उत्तरावर येऊन थांबलो आहे. एवढे खरे की हात परत खाली आला.

मुलगा खाली बसला. त्याची मान नेहमीसारखी एका बाजूला कलली.

"आजे, तू असं धरून ठिवलंस तर गिरान सुटंल कसं?"

"सुटंल की. येळ झाली की सुटतंय."

"कशानं सुटतंय? चांद फिरतोय म्हणून. आन् त्यो तर तू धरून ठिवलाय."

आजीने जात्यावरचा हात आणखी घट्ट केला.

"कुणी गिळलं न्हाई त्येला. भोपळ्याच्या आडोशाला उभा हाय. बघ, हात घाल."

तिने आधी कवठाकडे पाहिले, मग भोपळ्याकडे, मग त्यापलीकडच्या कंदिलाकडे. जात्यावरचा हात तसाच ठेवून दुसरा हात तिने कवठाशेजारी नेला. तळहात काळा झाला. हळूहळू तिने तो बाजूला सरकवला. बोटांची टोके उजळली, मग बोटे, मग सगळा पंजा. तिने हात पुन्हा आत नेला आणि पुन्हा बाहेर काढला. एवढा सगळा गाव आणि सरकारचा अधिकारी आपल्यासाठी थांबला आहे, याची तिला जराही घाई नव्हती.

"आन् ह्यो भोपळा म्हंजी आपुन?"

"व्हय. ह्यो कुंकवाचा ठिपका, आपलं गाव."

"मंग ही सावली आपलीच म्हणायची."

"आपलीच."

आजीने नातवाचा हात बाजूला सारला, काठी स्वतःच्या मुठीत धरली आणि दळणाऱ्या बाईच्या सराईत हाताने एक फेरा ओढला. ज्वारी कडकडली. कवठाची कड उजळली, अर्धे बाहेर आले, आणि मग सगळे पांढरे कवठ कंदिलाच्या उजेडात लख्ख उभे राहिले. दारातून कोणीतरी, सवयीने की गमतीने कोण जाणे, मोठ्याने हाक दिली, "दे दान, सुटे गिरान!" हशा पिकला. दोन-तीन बायकांनी ओच्यातून ज्वारीच्या मुठी काढून आजीच्या सुपात टाकल्या, आणि आजीने त्या तितक्याच गंभीरपणे जात्यात ओतल्या.

साहेब खुर्चीवरून उठून जात्याजवळ आले. त्यांनी मुलाला विचारले, "चांद को किसने छुडाया?"

"आमच्या आजीनं, साब."

पुन्हा हशा झाला. साहेब मात्र हसले नाहीत. ते वाकून भोपळा, काठी, कवठ निरखून पाहत होते. मग त्यांनी विचारले, आणि चपराशाने मराठीत सांगितले: तुझा चंद्र दर फेऱ्याला सावलीतून जातो. मग खऱ्या चंद्राला दर पुनवेला ग्रहण का लागत नाही?

हा प्रश्न मी मुलांना शिकवला नव्हता. पुस्तकातल्या त्या चित्रात तो नव्हता, आणि मी स्वतः तो कधी विचारला नव्हता. मुलाने माझ्याकडे पाहिले. माझ्या चेहऱ्यावर त्याला काही सापडले नसावे. त्याने जात्याकडे पाहिले. चपरासी एकदा खाकरला. मग त्याने खाली वाकून खुंट्याच्या भोकात बोटे घातली आणि आमची ती चिंधी ओढून बाहेर काढली.

काठी कलली. त्याने ती हलकेच ढकलली. कवठ भोपळ्याच्या मागे आले, पण या वेळी सावलीच्या वरून, उजेडातच, डौलात निघून गेले.

"त्येची वाट तिरपी हाय, साब," तो म्हणाला. "बहुतेक येळा वरनं न्हाई तर खालनं जातोय. बरोबर मदी आला तरच गावतोय. आमी त्येला चिंधी लावून सरळ केलता. ती आमची चूक. त्यो आधी बरोबरच जात होता."

चपराशाला हे सांगायची गरज पडली नाही. साहेबांनी काठी स्वतः धरली आणि फेरा काढून पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्टर साहब, ये आपने सिखाया?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "मी फक्त सावली शिकवली. जाते त्याने शोधले, आणि हे उत्तर आत्ताच."

हे वाक्य बोलताना जो अभिमान माझ्या छातीत भरून आला, तोच मी आरंभी म्हणालो तो अभिमान. पुढे आयुष्यात माझे कौतुक झाले, सत्कारही झाले. पण "मी शिकवले नाही" असे सांगताना जेवढा ताठ उभा होतो, तेवढा पुन्हा कधी उभा राहिल्याचे आठवत नाही.

साहेबांनी त्या वेळी आश्वासन दिले नाही. दमणीत बसताना एवढेच म्हणाले, "पाचवीं के लिए ये कमरा छोटा पडेगा. गाववालों से कहिए, एक छप्पर और डाल लें." मुलाचे वडील शेजारीच उभे होते. त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारले, "काय म्हनलं साहेब? छप्पर म्हनलं न्हवं? म्हंजी झालंच की!" आणि उत्तराची वाट न पाहता कोणाच्या शेतात किती वासे आहेत याची चौकशी करायला निघून गेले.

संध्याकाळी मी सामान आवरत होतो. जात्याच्या पाळीत पांढरेशुभ्र पीठ साचले होते. ग्रहणात दळलेले. तसले पीठ कोणी घरात घेत नाही, हे मला माहीत होते. ते गाईला घालावे की काय, असा विचार करीत होतो. तेवढ्यात आजी आली. तिने सारे पीठ हळूहळू सुपात भरले, पदराच्या गाठीतून तुळशीचे पान काढून त्यावर ठेवले, आणि म्हणाली, "मास्तर, जेवायला या घरी."

"आजी, ह्याच पिठाची भाकरी?"

"ह्याचीच. तुळस टाकलीया बघा. तुमचंबी खरं, माझंबी ऱ्हाऊ द्या."

चुलीपुढे बसून मी ती भाकरी खाल्ली. नातू शेजारी बसला होता आणि खाता खाता पेंगत होता. भाकरी जरा भरड होती, कारण चंद्र हळू फिरला होता.

पुढल्या साली छपराखाली पाचवी बसली. जाते घरी परत गेले होते, पण जुना खुंटा पडवीतच कोठेतरी हरवला, आणि आजीने नवा करून घेण्याची तसदी घेतली नाही. सकाळी शाळेकडे जाताना तिच्या ओसरीवरून घरघर ऐकू येई. मी डोकावून पाही. ती दळत असे, आणि तिच्या मुठीच्या वर, तिरप्या काठीच्या टोकावर, चुन्याचे पोपडे गेलेले ते कवठ गोल गोल फिरत असे.